नीरेच्या काठी कॅमेरा कुठवर?

संत तुकाराम महाराजांची पालखी इंदापूर तालुक्यातल्या सराटीचा मुक्काम हलवते त्या सकाळी नीरेच्या पाण्यात दोन प्रकारची स्नाने होतात. एक पादुकांचे. टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारोंच्या नजरेसमोर, सगळ्यांनी डोळे भरून पाहावे म्हणूनच होणारे. दुसरे त्याच काठावर, बरेचसे उजाडण्याआधी उरकले जाणारे. पंधरवडाभर चालून अंगात मुरलेली धूळ आणि घाम धुऊन काढणाऱ्या बायांचे. दोघीतिघी मिळून लुगडे आडवे धरतात आणि एकीचे झाले की दुसरीची पाळी येते. पाणी तेच, काठही तोच, आणि जागेचाच हिशेब केला तर दोन्ही स्नाने सार्वजनिक ठिकाणीच होतात. अनोळखी माणसांचे फोटो काढण्याविषयीचा वाद आपल्याकडे नेमका या हिशेबापाशी येऊन अडतो. ‘रस्त्यावर आहे ना, मग फोटो काढला तर बिघडले काय?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो जागेबद्दल विचारलेला आहे आणि उत्तर जागेत नाही. विचारायचे ते असे की समोरचा माणूस जे करतो आहे ते लोकांनी पाहावे म्हणून करतो आहे, की आडोसा नाही म्हणून लोकांसमोर करतो आहे?

पहिल्या प्रकारात कॅमेऱ्याला मोकळीक असावी, आणि तीही भरपूर असावी. बारामती आणि इंदापूर तालुक्यांइतके पाहण्यासारखे वारीच्या वाटेवर फार थोड्या ठिकाणी आहे. काटेवाडीत परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्या पालखीभोवती धावत रिंगण धरतात. बेलवाडीला आणि पुढे इंदापूरला गोल रिंगण होते, पताकाधारी, तुळशीवाल्या, विणेकरी पळतात आणि शेवटी अश्व. यातला प्रत्येक माणूस हजारोंच्या साक्षीने आपली सेवा रुजू करत असतो. झेंडा घेऊन धावणाऱ्या म्हाताऱ्याला थांबवून परवानगी मागायला जाणे हा शुद्ध वेडेपणा होईल. संदेश भंडारे यांनी वर्षानुवर्षे टिपलेली वारी किंवा उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’मधली आकाशातून घेतलेली छायाचित्रे हा मराठी समाजाचा ठेवा आहे. प्रत्येक चेहऱ्याची लेखी संमती घेण्याचा नियम असता तर तो जमलाच नसता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये असाच काहीसा कडक निकाल दिला होता. माँट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो तिला न विचारता एका कलाविषयक मासिकाने छापला, म्हणून तिला दोन हजार डॉलरची भरपाई मंजूर झाली. गर्दीत ओघाने आलेल्या चेहऱ्यांना मात्र त्या न्यायालयानेही वगळले होते. उलट न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरून जाणाऱ्या एका वृद्धाचा नकळत घेतलेला फोटो प्रदर्शनात लागला आणि विकला गेला, तेव्हा २००६ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती कला मानून त्याचा दावा फेटाळला. आपल्या गर्दीच्या, उत्सवांच्या देशाला कॅनडाचा नियम झेपणारा नाही. पण न्यूयॉर्कची मोकळीकही जशीच्या तशी उचलण्यासारखी नाही, कारण आपल्याकडे उघड्यावर होणाऱ्या गोष्टी तिथल्यापेक्षा फार वेगळ्या आहेत.

आपल्याकडे फार मोठ्या लोकसंख्येचे घरातले आयुष्य घराबाहेर होते. वारकरी मुक्कामाला पोहोचतो तेव्हा शाळेचा व्हरांडा ही त्याची झोपायची खोली असते, टँकरची तोटी हे न्हाणीघर आणि राहुटीबाहेरची तीन दगडांची चूल हे स्वयंपाकघर. तिथे तो पायाचे फोड फोडून तेल लावतो, तिथेच ती ओल्या केसांनी भाकरी थापते. पालखी निघून गेली की याच भागात आणखी एक मुक्काम पडतो. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरच्या परिसरात बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि फडाच्या कडेला कोप्या पडतात. पाचटाची आणि ताडपत्रीची कोपी. तिला दार नसते, बाळाची झोळी झाडाला बांधलेली असते. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून लेन्स बाहेर काढून टिपलेला तो संसार ‘सार्वजनिक ठिकाणचा’ ठरतो, आणि हेच दृश्य बारामतीतल्या एखाद्या बंगल्याच्या खिडकीतून टिपले तर पोलिसात तक्रार होते. दोन्हीकडे बाई आपल्या लेकराला पाजतेच आहे. मधली भिंत तेवढी एकीला परवडली. खासगीपणाचे माप जागेवरून काढायचे ठरवले की तो ज्याच्याकडे भिंत आहे त्याचाच हक्क उरतो, हा त्या साध्या वाटणाऱ्या प्रश्नातला अन्याय आहे. नदीकाठी धरलेले लुगडे ही त्या बायांनी त्यांच्यापुरती उभारलेली भिंतच असते, आणि ती दिसत असूनही ओलांडणाऱ्याला ‘मला कळले नाही’ असे म्हणायची सोय नाही.

कायदा या बाबतीत अर्धी वाट चालून थांबला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात तर माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, तो त्याच्यासोबतच असतो, अशा आशयाची स्पष्ट मांडणी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमानेही शरीराच्या खासगी भागांचे चित्रण, जागा सार्वजनिक असो वा खासगी, गुन्हा ठरवले आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ७७ वे कलम, म्हणजे जुन्या भादंवितले ३५४ क, स्त्रीच्या खासगी कृतीची व्याख्या करताना जिथे एकांताची अपेक्षा असते अशा ठिकाणाची अट घालते. नदीचा उघडा काठ त्यात बसतो की नाही यावर वकील दिवसभर वाद घालू शकतील. झोपलेल्या, जेवणाऱ्या, फोड फोडणाऱ्या माणसाचा तर या कलमांशी संबंधच येत नाही. आणि तो येऊही नये असे मला वाटते. त्यासाठी पोलीस आणले तर उद्या ते पहिला हात बातमीदाराच्याच कॅमेऱ्याला लावतील. ही रेघ फोटो काढणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी स्वतःच आखायची आहे.

अशी रेघ आखणे आपल्याला जमत नाही असे नाही, आणि त्याचा पुरावा बारामती-इंदापूर याच दोन तालुक्यांत आहे. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावला उजनी धरणाच्या जलाशयात रोहित पक्षी उतरतात. थवा उडवून फोटो मिळवणारा छायाचित्रकार तिथे जाणकारांत बदनाम होतो, आणि घरट्यातल्या पक्ष्याचे फोटो तर अनेक निसर्गस्पर्धा स्वीकारतच नाहीत. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिरसुफळला वन विभागाने २०२४ मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, तीही ठरलेल्या वाटा आणि स्थानिक मार्गदर्शक यांच्यासह, कारण लांडग्याला आणि चिंकाऱ्याला माणसांचा त्रास होऊ नये. पिलांजवळच्या लांडगिणीला एकांत हवा हे आपल्याला पटते. त्याच माळावर मेंढरे घेऊन उतरलेल्या धनगराच्या वाड्यात मात्र कॅमेरा बिनदिक्कत शिरतो, आणि भोईबांधवाची होडी ही पक्ष्यांच्या फोटोसाठी आयती चौकट होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: लोकांना आवडते, ते हसतात, पोझ देतात, आता तर वारकरी स्वतःच रील करतात. खरे आहे, आणि जो हसून मान हलवतो त्याचा फोटो जरूर काढावा. पण समोर उभ्या माणसाला दिलेले हसू हे लाखो अनोळखी लोकांना, वर टाकलेल्या गाण्यासकट आणि खालच्या शेऱ्यांसकट, दिलेली मुभा नसते. फोटो कुठे जाणार हे दोघांपैकी एकालाच ठाऊक असते, त्यामुळे जबाबदारीही त्याच्याकडे जास्त येते. २०२५ च्या प्रयागराज कुंभमेळ्यात माळा विकणारी एक मुलगी तिच्या डोळ्यांच्या व्हिडिओंमुळे देशभर पोहोचली. पुढे तिला सिनेमाचे काम मिळाले हे सगळे आवर्जून सांगतात. भोवती पडलेल्या गराड्यामुळे तिला माळा विकणे अशक्य झाले आणि मेळा सोडून जावे लागले, हे सांगायचे राहते. त्याच मेळ्यात स्नान करणाऱ्या स्त्रियांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरले, टेलिग्रामवर विकायला निघाले, आणि फेब्रुवारीत उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. हातात फोन प्रयागराजइतकेच सराटीतही आहेत.

विचारले की सहजता मरते, असे छायाचित्रकार म्हणतात. मरू नये म्हणून आधी नव्हे, नंतर विचारावे. पडद्यावर फोटो दाखवावा, समोरची व्यक्ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसावा. यात अर्धे मिनिट जाते. दि. बा. मोकाशी १९६१ साली वारीबरोबर चालले ते लोकांशी बोलत, त्यांना विचारत, आणि ‘पालखी’ हे पुस्तक त्या विचारण्यामुळे कुठे बेगडी झालेले नाही. यापेक्षा वजनदार आक्षेप दुसरा आहे. उघड्यावरच्या अंघोळीचे, शौचाचे फोटो छापून आले नसते तर सरकारला लाज वाटली असती का? फिरती शौचालये आणि स्नानगृहे आली असती का? या आक्षेपात तथ्य आहे, आणि वेदना लपवणे हा काही तिचा मान राखणे नव्हे. पण गैरसोय दाखवायला बाईची पाठ लागत नाही. दहा तोट्यांच्या टँकरपुढची रांग, कुलूप लावलेले शौचालय, पहाटे तीनला बादल्या घेऊन नदीकडे निघालेल्या आकृत्या यांतून ती दिसते, आणि लाज ज्यांना वाटायला हवी त्यांच्याकडेच बोट जाते.

आणि वृत्तपत्रांनी इतरांना शिकवण्याआधी आपलीच जुनी पाने चाळावीत. पालखीच्या स्वागताला उभ्या पुढाऱ्यांची नावे फोटोखाली डावीकडून उजवीकडे अचूक येतात. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईच्या चार कॉलमी फोटोखाली मात्र ‘विठ्ठलनामात दंग माऊली’ एवढेच असते. बातमीदार तिच्यापासून दोन हातांवर होता, पण गाव, नाव, कितवी वारी, काहीच विचारलेले नसते. कुठल्याही संपादकाला उद्यापासून करता येतील अशा दोन गोष्टी आहेत. एखादा चेहरा हाच फोटोचा विषय असेल तर त्या व्यक्तीशी बोलल्याशिवाय तो छापायचा नाही, नाव द्यायचे की नाही हे तिने सांगायचे. आणि मुक्कामावरचे, नदीकाठचे फोटो दिंडीतल्या कोणाला दाखवल्याशिवाय पानावर घ्यायचे नाहीत. आषाढीच्या सुमारास छायाचित्र स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रवेशअर्जात ‘विषय’ आणि ‘स्थळ’ यांच्या खाली आणखी एक रकाना घालावा: फोटोतल्या माणसाला हा फोटो दाखवला आहे का? रिंगणाच्या आणि गर्दीच्या फोटोंना तो लागू नाही असे लिहावे, बाकीच्यांनी भरावा. ‘नाही’ लिहिणाऱ्याचा फोटो भिंतीवर लावायचा का, हे परीक्षकांनी ठरवावे, पण ते कारण देऊन.