तोडीचा रंग कोणता?

गेल्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही एक सर्किट केलं. गाणं लावायचं, फिल्टरने आवाजाचे तीन भाग पाडायचे. खर्जाला लाल एलईडी, मधल्याला हिरवा, वरच्याला निळा. रात्री दोनला ब्रेडबोर्ड एकदाचा चालला आणि मोठ्या ऐटीत तोडी लावली. (सकाळचा राग रात्री दोनला! जाणकारांनी माफ करावं.) तानपुरा सुरू होताच तिन्ही दिवे जे पेटले ते विझेचनात. तबला आला तसा लाल लुकलुकायला लागला. रूम पार्टनर सिव्हिलचा, पण जीव वॉटरकलरमधे. तो कॉटवरूनच म्हणाला, "अरे, ही गणपतीच्या मांडवातली माळ झाली. ह्यात तोडी कुठंय?"

राग आला (हा दुसरा राग), पण मुद्दा बरोबर होता.

स्वर म्हणजे फ्रिक्वेन्सी, रंग म्हणजेही फ्रिक्वेन्सी, मग द्या जोडून एकाला एक! हा मोह जुनाच. खुद्द न्यूटननेही १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मधे स्पेक्ट्रमचे सात भाग सप्तकातल्या अंतरांवरून पाडले. पण आपण ऐकतो साधारण दहा सप्तकं, आणि दिसणारा प्रकाश जेमतेम एका सप्तकाएवढा. सा आणि प एकत्र वाजले तरी कान दोघांना वेगळं ओळखतो. लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र आले की डोळ्याला सरळ पिवळा दिसतो. आत दोन आहेत हे मॉनिटरला ठाऊक, डोळ्याला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, काळी एकऐवजी काळी चारमधे गायलं तर एकूण एक फ्रिक्वेन्सी बदलते, पण तोडी तोडीच राहते. आमच्या सर्किटला बिचाऱ्याला 'सा' कुठे आहे हेच माहीत नव्हतं!

बरं, ज्यांनी स्वरांना रंग दिले त्यांचं तरी एकमत? रशियन संगीतकार स्क्रियाबिनने १९१० च्या 'प्रोमेथ्यूस'मधे वाद्यांच्या ओळींसोबत प्रकाशाचीही एक ओळ लिहिली. त्याच्या लेखी सी मेजर लाल, तर रिम्स्की-कोर्साकोव्हच्या लेखी पांढरा. आपल्या नारदीय शिक्षेत गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा आणि पंचम चक्क काळा. न्यूटनच्या इंद्रधनुष्यात काळा कुठून आणणार?

माझं मत विचाराल तर नातं आहे, पण ते वायरिंगमधे नाही, ऐकणाऱ्यात आहे. जुनी रागमाला चित्रं बघा. तोडीच्या चित्रात वीणा घेतलेली एक बाई आणि भोवती हरणं. रंग प्रांतागणिक, चित्रकारागणिक बदलतात. वीणा नि हरणं बहुतेक ठिकाणी तीच. चित्रकाराने स्वराचं रंगात रूपांतर केलेलं नाही. ते ऐकून एकट्या माणसाचं काय होतं, ते काढलंय. 'राग' हा शब्दच 'रंज्' म्हणजे रंगवणे या धातूतून आलाय. आपणही मैफलीला 'रंग चढला' म्हणतोच की, तेव्हा कोणी दिवे बदलत नसतं.

हे सगळं सांगायचं कारण आपलं गॅदरिंग. मागच्या वर्षी लाइट शोला भरपूर बजेट मिळालं, आणि चित्रं काढणाऱ्या पोरांना काय, तर बॅकड्रॉप रंगवायला लावलं. आर्ट सर्कलच्या मंडळींना विनंती, यंदा सकाळचा एक तास द्या. आपल्यातलाच कोणीतरी गाईल, समोर वीसेक जण ड्रॉइंग शीट घेऊन बसतील. वीस चित्रं वीस तऱ्हेची निघतील, तीच हॉलमधे लावा. खर्च शीट आणि पोस्टर कलरचा. दिवे घरी गेलेले बरे.

पार्टनरने त्या रात्री तोडी पुन्हा लावायला लावली आणि एक चित्र काढलं. मेसमागची ओली भिंत, राखाडी-पिवळी, समोर कपड्यांची रिकामी दोरी. हरीण नाही, आमच्या हिरव्या एलईडीचाही पत्ता नाही. मला मात्र आता तोडी ऐकली की तीच दोरी दिसते. चित्र आमच्या दारामागे चिकटवलंय. रेक्टर सर, दारावरच आहे, भिंतीला गोंद लावलेला नाही.