सही पालकांचीच हवी

आंध्र प्रदेशातील, म्हणजे आताच्या तेलंगणातील, खम्मम जिल्ह्यात 2009 च्या जुलै महिन्यात दहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस टोचण्यास प्रारंभ झाला. त्यापाठोपाठ गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात तोच उपक्रम सुरू झाला. दोन्हीकडे मिळून तेवीस हजारांच्या आसपास मुली. उपक्रम राबवणारी 'पाथ' ही संस्था अमेरिकेतील, पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स यांच्या प्रतिष्ठानाचा, लसी दोन बहुराष्ट्रीय कंपन्यांनी विनामूल्य पुरवलेल्या आणि सोबतीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे वजनदार नाव. खम्मममधील अनेक मुली वनवासी कुटुंबांतील, शिक्षणासाठी वसतिगृहांत राहणाऱ्या. वर्षही पुरे झाले नाही तोच या मुलींपैकी सात जणींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, महिला संघटनांनी आवाज उठवला आणि एप्रिल 2010 मध्ये केंद्र शासनाने उपक्रम थांबवला.

पुढील चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसून आला नाही. कोणी पाण्यात बुडून गेली होती, कोणी सर्पदंशाने, कोणी कीटकनाशक प्राशन केल्याने, तर कोणी मलेरियाने. येथे विषय संपायला हवा होता. पण चौकशीत दुसरेच काही बाहेर आले. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने 30 ऑगस्ट 2013 रोजी सादर केलेल्या अहवालात आंध्रातील संमतिपत्रांचा हिशेब आहे. 9,543 संमतिपत्रांपैकी 1,948 वर अंगठे होते आणि 2,763 पत्रांवर सही होती ती वसतिगृहाच्या अधीक्षकांची वा मुख्याध्यापकांची. जन्मदात्यांच्या जागी कोणीतरी परस्पर सही केली होती. ज्या मुलींचे आईवडील कोसावर होते, त्यांच्यापर्यंत एक माणूस पाठवण्याची तसदी घेण्याचे कोणालाही सुचले नाही.

त्या सह्यांची किंमत नंतर या देशातील स्त्रियांनी मोजली. लस निर्दोष असूनही तिच्या नावाला जो डाग लागला, तो पुसायला एक तप लागले. 2020 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि 77 हजारांहून अधिक स्त्रिया त्याने दगावल्या. सिक्कीमसारख्या लहान राज्याने 2018 मध्ये शाळांतून ही लस देऊन दाखवली. परंतु तिला उत्तेजन देण्याची घोषणा केंद्रीय अर्थसंकल्पात व्हायला फेब्रुवारी 2024 उजाडावे लागले. या विलंबाला विदेशी लसीची भरमसाट किंमत हेही एक कारण होते, हे खरे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या स्वदेशी लसीला 2022 च्या जुलैमध्ये परवानगी मिळाल्यावर तो अडसर दूर होऊ लागला. पण खम्ममची आठवण प्रत्येक चर्चेत आडवी येत राहिली आणि ती येणारच होती. पालकांना वगळून वाचवलेले चार दिवस अखेरीस अनेक वर्षांना पडले.

आरोग्य खात्यातील मंडळींचा एक जुना समज आहे की, लसीचे दुष्परिणाम सांगितले तर लोक घाबरतील. तेव्हा सांगूच नये. दिल्लीत 2019 च्या जानेवारीत गोवर-रुबेला लसीची मोहीम शाळाशाळांतून सुरू व्हायची होती. पालकांच्या संमतीची गरज नाही, असे शासनाने गृहीत धरले होते. काही पालक उच्च न्यायालयात गेले. 22 जानेवारी रोजी न्यायमूर्ती विभू बाखरू यांनी निकाल दिला, त्यात हाच समज खोडून काढला आहे. दुष्परिणाम आणि लस कोणाला देऊ नये ही माहिती जाहिरातीत आली तर पालक मागे हटतील, हा युक्तिवाद न्यायालयाला ग्राह्य वाटला नाही. जाहिरात द्यायची ती पालकांना माहिती घेऊन निर्णय करता यावा याचसाठी, असे न्यायालयाने म्हटले. लसीच्या उपयुक्ततेविषयी या निकालात एकही शंका नाही. पुढे 2 मे 2022 रोजी जेकब पुलियल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही कोणाला बळजबरीने लस टोचता येणार नाही, असे सांगितले. आणि त्याच निकालात लसीनंतरच्या संशयित त्रासाच्या नोंदी जनतेला पाहता येतील, अशी व्यवस्था करण्याचा आदेश दिला. निकालाच्या पहिल्या भागाची चर्चा भरपूर झाली. दुसऱ्या भागाकडे वृत्तपत्रांचेही फारसे लक्ष गेले नाही.

पालकांना विचारण्याची ही कल्पना न्यायालयांनी वा पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राने प्रथम आणली, असेही नाही. बंगालचा काही काळ गव्हर्नर राहिलेला शल्यवैद्य होल्वेल याने 1767 मध्ये देवीच्या देशी टोचणीचे वर्णन लंडनच्या वैद्यांपुढे ठेवले होते. टोचणी करणारे ब्राह्मण ऋतू पाहून गावोगाव फिरत. महिनाभर आधी मासे, दूध, तूप वर्ज्य करण्याचे पथ्य घरातल्यांना सांगितलेले असे आणि ते पाळले नसेल तर दारातून परत जात. मुलाच्या अंगावर किती फोड उठलेले चालतील, असेही ते आईबापांना विचारत! होल्वेलला यात थोडी बढाई वाटली. पण विचारण्याची रीत होती, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. ती पद्धत आजची लस नव्हे. रोग्याच्या फोडातील द्रव्यच निरोगी मुलाला टोचले जाई आणि त्यातून साथ पसरण्याचा धोका असे. गाईच्या देवीपासूनची लस आपल्या प्राचीन ग्रंथांत सांगितलेली आहे, असा एक दावा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला होता. तो संशोधकांनी बनावट ठरवला आहे आणि अभिमानाच्या भरात तो पुन्हा पुन्हा सांगण्याचे कारण नाही. भारतात जेन्नरच्या पद्धतीची पहिली लस 14 जून 1802 रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढे 1880 मध्ये ब्रिटिशांनी निवडक नगरपालिका आणि छावण्यांपुरता सक्तीचा कायदा केला. तेव्हापासून 'देवी काढणे' हे दारावर येणाऱ्या सरकारी माणसाचे काम झाले, आणि विचारण्याची रीत मागे पडली.

हे सारे शासनाला सुनावताना पालकांच्या पदरात काही घालणेही आवश्यक आहे. हक्काबरोबर अभ्यासाचे ओझे येते, आणि ते उचलण्यास पुष्कळ सुशिक्षित पालक तयार नसतात. भ्रमणध्वनीवर आलेला एक संदेश वाचून लस नाकारणे याला माहितीपूर्ण निर्णय म्हणत नाहीत. गोवराच्या लसीने मुले स्वमग्न होतात, हा प्रवाद आजही उच्चभ्रू वसाहतींतून ऐकू येतो. त्याचा उगम 1998 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या एका निबंधात आहे. तो अवघ्या बारा मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला होता. 2010 च्या फेब्रुवारीत नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचा लेखक अँड्र्यू वेकफिल्ड याचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांची पाहणी करून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस आणि स्वमग्नता यांचा काहीही संबंध आढळला नाही. बारा मुलांची गोष्ट घरोघर पोहोचली. साडेसहा लाखांची पोहोचली नाही.

गोवर हा काही 'अंगावर उठून जाणारा' किरकोळ आजार नव्हे. आजीच्या काळी प्रत्येक मुलाला तो होई, म्हणून तो साधा वाटे. पण त्या घरांतून किती पाळणे रिकामे झाले, याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती. एक रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. हजारांत साधारण एका रोग्याच्या मेंदूला सूज येते. कुपोषित बालकांत न्यूमोनिया होऊन मृत्यू ओढवतो. त्याच्या लसीने पाच ते पंधरा टक्के बालकांना आठवड्यानंतर ताप येतो, काहींच्या अंगावर पुरळ उठते. जीवघेणी ॲलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एखाद्याला होते. हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले पाहिजेत. एकच पान वाचणाऱ्याने निर्णय घेतला असे म्हणता येणार नाही.

मुंबईने हा हिशेब 2022 मध्ये पाहिला. ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीच्या एका वस्तीत तीन बालके दोन दिवसांत दगावली, आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी शहरातील संशयित गोवरबळींची संख्या दहाच्या वर गेली. कोरोनाच्या दोन वर्षांत चुकलेल्या लसी, दाट वस्ती, कुपोषण आणि काही घरांतील नकार, अशी कारणांची साखळी होती. पालिकेच्या आरोग्यसेविका पुन्हा दारोदार गेल्या, वस्तीतील मौलवींनी आवाहन केले, मुलांना जादा डोस देण्यात आले. या साथीत काही बालकांचे वय नऊ महिन्यांहूनही कमी होते. त्यांच्या आईवडिलांनी कोणताच चुकीचा निर्णय घेतला नव्हता. गोवराची पहिली लसच नऊ महिने पुरे झाल्यावर मिळते. तोवर या बालकांचे रक्षण करणारे कवच म्हणजे शेजारची लस घेतलेली मुले. शंभरात पंच्याण्णव मुलांना लस मिळाली तरच ते कवच टिकते. तेव्हा 'आमच्या मुलाचे आम्ही पाहू' हे वाक्य जितके रास्त वाटते, तितके ते नाही. आपल्या समाजात मूल केवळ दोघांचे मानले गेले नाही, ही गोष्ट या संदर्भात तरी विसरता येत नाही.

मात्र शेजाऱ्याच्या मुलासाठी दंड पुढे करा, असे सांगणाऱ्याचा हात स्वच्छ हवा. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. बालके सुदैवाने बचावली. पुढच्या वर्षी जानेवारीत बेळगाव जिल्ह्याच्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेला लस टोचल्यानंतर तीन बालके दगावली. लसीच्या साठवणुकीतील हयगय प्रथमदर्शनी पुढे आली आणि कर्मचाऱ्यांना निलंबित केले गेले. अशा चुकांतून काय घडू शकते, ते प्रशांत महासागरातील सामोआ या दोन लाख वस्तीच्या बेटराष्ट्राने भोगले. तेथे जुलै 2018 मध्ये परिचारिकांनी लसीच्या भुकटीत पाण्याऐवजी भूल देताना वापरायचे औषध मिसळले आणि दोन बालके गेली. लस निर्दोष होती, हे कळेपर्यंत मोहीम कित्येक महिने बंद राहिली, अफवांना ऊत आला, लसीकरण एकतृतीयांशाच्या खाली गेले. 2019 च्या अखेरीस गोवर आला आणि 83 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. चूक झाली त्या दिवशी ती काय होती हे नेमके सांगितले गेले, तर आईवडील चुकीवर रागावतात. सांगितले नाही, तर ते लसीवरच रागावतात.

वस्तुतः आपल्याच व्यवस्थेत चांगल्या गोष्टी लिहून ठेवलेल्या आहेत. बाळाला टोचल्यावर आरोग्यसेविकेने आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कोणत्या रोगासाठी, पुढच्या वेळी कधी यायचे, कोणता त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचे, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचे. अर्ध्या मिनिटाचे काम. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रापुढे चाळीस माता रांगेत असतात, सेविका एकटी असते, नोंदवह्या आठ असतात. त्यामुळे चारांपैकी पुष्कळदा एकच ऐकू येते, 'पुढच्या महिन्यात या'. शहरातील खासगी दवाखान्यात गर्दी नसते. तेथे मात्र सरकारी वेळापत्रकातील लस कोणती आणि जादा पैसे मोजून घ्यायची ऐच्छिक लस कोणती, हे न सांगताच देयक पुढे येते. दोन्हीकडे विचारण्याचा अधिकार पालकांना आहे आणि तो बजावताना संकोच करण्याचे कारण नाही.

विचारायचे तरी काय, तर फार अवघड नाही. कुपीवर एक लहान वर्तुळ असते आणि त्यात एक चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेने बिघडलेली नाही. दोन्ही सारख्या रंगाचे झाले असतील तर ती कुपी वापरायची नसते. गोवर-रुबेलाची भुकटी विरघळवल्यावर चार तासांत संपवायची, म्हणून कुपीवर ती फोडल्याची वेळ लिहिलेली असली पाहिजे. सुई नवी आणि आपोआप निकामी होणारी असावी. टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. बाळाला आधीच्या डोसानंतर झटके आले असतील, मोठा आजार असेल वा चालू औषधे असतील तर ते टोचण्यापूर्वी सांगावे. हे चौथी शिकलेल्या आईलाही समजते, फक्त कोणी तरी तिच्याशी बोलायला हवे.

शाळांतून राबवल्या जाणाऱ्या मोहिमांत हे बोलणे सर्वांत कमी होते. मुलाच्या वहीत दुमडून आलेला, इंग्रजीत छापलेला आणि दुसऱ्या दिवशी सही करून मागितलेला कागद म्हणजे संमती नव्हे. कागद मराठीत असावा, लसीचे नाव, लाभ, संभाव्य त्रास आणि संपर्कासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याचा क्रमांक त्यावर असावा आणि तो निदान आठवडाभर आधी घरी यावा. त्या आठवड्यात शाळेने एक पालकसभा घ्यावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तेथे प्रश्नांची उत्तरे देण्यास बसवावे. आश्रमशाळा आणि वसतिगृहांतील मुलांच्या बाबतीत तर अधीक्षकांच्या सहीचा रकानाच त्या कागदावर नसावा. पाड्यावर माणूस पाठवावा, आठवडी बाजाराच्या दिवशी आईवडिलांना गाठावे, आणि तोवर त्या मुलाचा डोस शीतपेटीत थांबला तरी चालेल.