कोतवालीची किंमत कोणी मोजली?

‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर येऊन पन्नास वर्षे उलटून गेली. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे. कीर्तन, लावणी, तमाशा, दशावतार यांच्या मिश्रणातून उभे राहिलेले हे नाचते-गाते राजकीय नाटक १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने थांबवले. कलावंतांनी बाहेर पडून ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली आणि ते पुन्हा उभे केले. १९८० साली युरोप दौऱ्याच्या वेळी पुन्हा गदारोळ झाला. आक्षेप एकच : नाना फडणवीसांची बदनामी झाली, ब्राह्मणांची बदनामी झाली!

नानांच्या अब्रूवर आजवर रकानेच्या रकाने भरले गेले. पण या नाटकात खरोखर जिचा बळी जातो, त्या ललिता गौरीच्या अब्रूची काळजी किती जणांनी केली, हा आमचा सवाल आहे.

कथा आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. कनौजचा ब्राह्मण घाशीराम पोट भरायला पुण्यात येतो. त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार खाऊन त्याला शहराबाहेर हाकलले जाते. तो सूडाची शपथ घेतो. नानाची नजर आपल्या मुलीवर आहे हे ओळखून तो तिला नानाच्या हवाली करतो आणि बदल्यात पुण्याची कोतवाली मागून घेतो. मग शहरावर त्याचा जुलूम सुरू होतो. गौरी मरते. नाना नवे लग्न करतो. कोठडीत ब्राह्मण गुदमरून मरतात, जमाव खवळतो आणि नाना त्याच लेखणीने घाशीरामला जमावाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम लिहितो. घाशीराम दगडांनी ठेचला जातो. नाना मात्र शाबूत राहतो आणि उत्सव जाहीर करतो.

हा इतिहास नव्हे, असे तेंडुलकरांनीच सांगून ठेवले होते. इतिहासातला घाशीराम १७७७ ते १७९१ पुण्याचा कोतवाल होता आणि जमावाच्या हातून मेला, एवढे खरे. मुलीच्या सौद्याचा भाग नाटकाचा. पण सत्तेचा व्यवहार कसा चालतो, हे त्या भागातूनच कळते.

आपल्यातील काही कार्यकर्त्यांना घाशीराम जवळचा वाटतो. पेशवाईच्या पुण्याला त्याने हिसका दाखवला म्हणून ते टाळ्या वाजवतात. आम्ही त्यांना विचारतो, हा सूड कोणावर उगवला? त्याला पद मिळाले ते नानाच्या मर्जीने आणि गेले तेही नानाच्या मर्जीने. मधल्या काळात नानाची पापे त्याच्या नावावर जमा झाली. प्रस्थापितांना असाच माणूस हवा असतो. अपमानाने पेटलेला, पदासाठी काहीही द्यायला तयार आणि काम संपले की फेकून देता येईल असा! घाशीरामने पदाची किंमत स्वतःच्या खिशातून दिली नाही. ती गौरीने मोजली आणि तिला कोणी विचारलेही नव्हते.

पेशवाई आम्हा मालेगावकरांना परकी नाही. मोसम नदीच्या काठचा भुईकोट किल्ला पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधला. १८१८ साली इंग्रजांनी तो घेतला. पेशवाई गेली. पण घरातल्या लेकीबाळींना पुढे करून पद मिळवण्याची रीत गेली का?

७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. पण सोडतीत प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला की काय होते, हे गावोगावचे कार्यकर्ते जाणतात. नेत्याच्या पत्नीचा नाहीतर सुनेचा अर्ज भरला जातो. फलकावर तिचा फोटो लहान आणि त्याचा मोठा. निवडून येते ती, ठेकेदाराशी बोलतो तो. आणि उद्या चौकशी लागली तर कागदावर सही मात्र तिची असते. म्हणजे पद त्याचे आणि जबाबदारी तिची.

हेच घरातही चालते. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचा उरलासुरला संभ्रमही दूर केला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरीही बाप गेला की बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. वकिली करताना असे कागद आमच्या नजरेखालून सतत जातात. जयंतीच्या मंचावर समतेचे भाषण ठोकणारा भाऊही त्यात असतो!

नाटकातल्या बापाने पदासाठी मुलगी दिली. बाबासाहेबांनी नेमके उलटे केले. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा आणि स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारे हिंदू कोड बिल सरकारने गुंडाळले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रीपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची इतरही कारणे त्यांनी सांगितली, पण हे बिल त्यांच्या अत्यंत जिव्हाळ्याचे होते. देशातल्या लेकींच्या हक्कासाठी त्यांनी खुर्ची सोडली. हा आदर्श समोर असताना आपल्यातील काही पुढारी एखाद्या महामंडळासाठी, एखाद्या स्वीकृत जागेसाठी समाजाची मते परस्पर देऊन टाकतात. समाज ही काय त्यांच्या मालकीची वस्तू आहे?

याच नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डकांनी जलशातून गाणे आणि वग घेऊन समाज जागा केला. रंगमंचाची ताकद आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. म्हणून आम्ही सुचवतो : ‘घाशीराम’ अवश्य पाहा, आपल्या वस्तीत त्यावर चर्चा ठेवा, पण चर्चेची सुरुवात नानापासून किंवा घाशीरामपासून करू नका. ती गौरीपासून करा. आणि पुढच्या निवडणुकीत उमेदवाराला पहिला प्रश्न विचारा : या पदाची किंमत तुम्ही मोजताय, की तुमच्या घरातली बाई आणि आमची वस्ती मोजणार आहे?