औषधाला चालण्याची जोड

घरात कोणी उदास दिसलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला: “जरा बाहेर फिरून ये, बरं वाटेल.” सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्या, पन्नाशी गाठलेल्या १५६ जणांचे तीन गट केले होते. एकाला व्यायाम, दुसऱ्याला औषध, तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांतली सुधारणा जवळपास सारखीच होती. औषधाचा गुण मात्र लवकर आला. व्यायाम आठवड्यातून तीनदा, सगळे मिळून आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली करत.

हे शेवटचं महत्त्वाचं. नैराश्यात पायांत चप्पल सरकवणंही डोंगराएवढं वाटतं. तो आळस नसतो, आजार असतो. म्हणून “फिरून ये” म्हणण्याऐवजी “चल, मीही येतो” म्हणा. पहिल्या आठवड्यात गल्लीच्या टोकापर्यंत दहा मिनिटं पुरेत. बोलायलाच हवं असंही नाही. एखादा दिवस चुकला तर टोमणा नको. उद्या पुन्हा विचारा.

आणि बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू देऊ नका. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

“जगावंसं वाटत नाही” असं कोणी बोललं, तर मात्र फिरणं नंतर. त्यांना एकटं सोडू नका, डॉक्टरांना गाठा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे. हा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा.