‘आईच्या हातची चव’ आणि तिचे शोककर्ते

दिवाळीचे दिवस जवळ आले कीं आमच्या मासिकांतून एका विशिष्ट जातीचा लेख नियमानें उगवतो. त्याचा मजकूर वाचकांस पाठ झाला आहे, तरी लेखकांस त्याचा कंटाळा म्हणून येत नाहीं. प्रथम चूल येते, मग धूर, मग धुरानें लाल झालेले आईचे डोळे. त्यानंतर मऊ भातावरचें मेतकूट, थालीपिठावरचा लोण्याचा गोळा, दुपारच्या भुकेला शिळ्या पोळीचा फोडणी दिलेला कुस्करा. आणि शेवटीं, लेखकाचे डोळे पुसून झाल्यावर, आजच्या बायकांवर वाग्बाण. हल्लींच्या गृहिणी चकल्या विकत आणतात, भाजणी पुड्यांतून घेतात, मुलांपुढें दोन मिनिटांच्या शेवया ठेवतात. सबब ती चव गेली, घराचें घरपण गेलें, आणि बहुधा संस्कृतीहि गेली, असा एकंदर निकाल असतो. हा निकाल देणारा जवळजवळ नेहमीं पुरुष असतो, हें सांगणें नलगे. आमचें म्हणणें असें कीं, हें गाऱ्हाणें वरून जितकें कोमल दिसतें तितकेंच तें आंतून निष्ठुर आहे. आणि ज्या खाण्याची थोरवी गाण्याचा त्याचा आव आहे, त्या खाण्याचीहि त्याला पुरती ओळख नाहीं.

खाण्याविषयीं आमचा वाद नाहीं. तापांतून उठलेल्या माणसाच्या विटलेल्या तोंडाला मऊ भात, तूप आणि मेतकूट यांनीं जी चव येते, ती पंचपक्वान्नांनीं येत नाहीं. पावसाळ्याच्या संध्याकाळीं ताकांतली तांदळाची उकड, वर कच्च्या तेलाची धार, याहून अधिक कांहीं मागणारा मनुष्य हावरा समजावा. इंग्रजी शिकलेल्या आमच्या बांधवांनीं अलीकडे अशा पदार्थांस ‘कम्फर्ट फूड’ हें नांव दिलें आहे. नांव नवें असलें तरी वस्तु जुनीच आहे, आणि ती उत्तम आहे. प्रश्न तिच्या उत्तमपणाचा नसून तो कशांत आहे, याचा आहे.

थालीपिठाच्या भाजणीचेंच उदाहरण घ्या. बाजरी, ज्वारी, तांदूळ, गहूं, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरें इतकें धान्य व मसाला त्यांत पडतो. पण हीं सर्व एकदम कढईंत लोटून चालत नाहीं. धने-जिरें क्षणांत करपतात, हरभऱ्याची डाळ सावकाश तांबूस होते. म्हणून जिन्नस वेगवेगळा घेऊन मंद आंचेवर भाजावा लागतो. भाजल्यानें कच्चा उग्रपणा जातो आणि दाण्यांतील ओल गेल्यामुळें पीठ टिकतें. बाजरी आणि ज्वारी यांच्या पिठास स्वतःचा चिकटपणा नाहीं, तो उडदानें पुरवावयाचा. उडीद कमी पडला तर थालीपीठ थापतांना चिरतें, जास्त झाला तर तें वातड होतें. तव्यावर थापल्यावर बोटानें जीं भोंकें पाडावयाचीं तीं शोभेसाठीं नसतात. त्यांतून तेल तळाशीं उतरतें आणि वाफ वर येते. चकलीचें शास्त्र याहून कडक. मोहन अधिक झालें तर चकली तेलांत विरते, कमी झालें तर दातांशीं भांडते. आणि हा निवाडा पीठ मळतांनाच करावयाचा असतो, कारण कढईजवळ पोंचल्यावर फारसा इलाज उरत नाहीं.

आतां यांत ‘हात’ कोठें आहे? यांत निरीक्षण आहे, प्रमाण आहे, कार्यकारणभाव आहे, आणि चुकांवरून शिकत जाण्याची वर्षानुवर्षांची शिस्त आहे. एखाद्या रसायनशास्त्रज्ञानें प्रयोग साधला तर त्याच्या हाताला चव आहे असें आपण म्हणत नाहीं, त्याच्या विद्येची तारीफ करतों. गृहिणीची गोष्ट आली कीं मात्र विद्या हा शब्द तोंडांतून निघत नाहीं. सगळें श्रेय हाताला, मायेला, नाहीं तर अन्नपूर्णेच्या कृपेला! ही स्तुति फार सोयीची आहे. विद्या म्हटली तर ती शिकतां येते. शिकतां येते म्हटलें तर ‘मग तुम्ही कां शिकला नाहीं?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो. हाताची जादू म्हटली कीं प्रश्नहि मिटला आणि पानावर बसण्याची जागाहि कायम राहिली.

वास्तविक ही विद्या गुप्त ठेवलेली नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते या गृहस्थांनीं ‘सूपशास्त्र’ हें मराठी पाकशास्त्राचें पुस्तक १८७५ सालीं छापलें; म्हणजे या विषयावर आरंभींच लेखणी चालविणाऱ्यांत एक पुरुष होता, आणि त्यानें त्यास शास्त्र म्हणण्यास संकोच केला नाहीं. पुढें १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ निघाली. ‘अंदाजानें’ या एका शब्दांत जें सगळें कोंडून ठेवलें जाई, तें त्यांनीं वाटी आणि चमचा यांच्या मापांत मांडलें. त्यामुळें जवळ सासू ना आई अशा ठिकाणीं संसार मांडलेल्या मुलींना त्या पुस्तकाचा केवढा आधार झाला, तें त्यांनाच विचारावें. शोककर्त्यांपैकीं किती जणांनीं तें उघडून पाहिलें असेल?

बरें, जें गेलें म्हणून हा आक्रोश चालला आहे, तें तरी सनातन होतें काय? उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. आजीच्या आठवणींत तिला अढळ स्थान असतें. तिच्यांतील मिरची अमेरिकेंतली, शेंगदाणा अमेरिकेंतला, बटाटा अमेरिकेंतला. आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाहि मूळचा दक्षिण अमेरिकेंतलाच. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी आले नसते तर आमच्या एकादशीच्या ताटांत यांपैकीं कांहींच पडलें नसतें. शिवाय साबुदाणा हा कांहीं झाडाला लागत नाहीं. तामिळनाडूंत सेलमच्या आसपास कारखान्यांतून सत्त्व काढून, गोळ्या वळून, भाजून-वाळवून तो तयार होतो. म्हणजे पुड्यांतला आयता माल आमच्या देवघरापर्यंत केव्हांच पोंचला होता, आणि त्यावेळीं कोणाचीहि संस्कृति बुडाली नाहीं. पोह्यांचें तेंच. घरोघर मुसळानें पोहे कांडण्याचें बंद होऊन ते गिरणींतून येऊं लागले, त्याबद्दल कोणी अश्रु ढाळल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

आणखी एक गोष्ट. या लेखांतील आई सदैव एकाच आळींतली असते. मेतकूट, साजूक तूप, लोणी हें सर्व जिच्या फडताळांत होतें ती. ज्या घरांत ज्वारीच्या कण्या, आंबील, भाकरीचा काला आणि ठेचा हेंच जिवाला निववणारें खाणें होतें, तेथील आईला या स्मरणरंजनांत पान मांडलेलें नसतें. शाहू पाटोळे यांचें ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. मराठवाड्यांतील दलित घरांचें खाणें त्यांत नांवनिशीवार आणि कृतीसह आहे. त्या पुस्तकाच्या नांवांतील ‘अ’ हें एक अक्षर दिवाळी अंकांतील शेंकडों हळव्या पानांना भारी आहे. तें वाचूनहि ‘मराठी घरची चव’ असा एकवचनी प्रयोग ज्याला करवतो, त्याच्या धैर्याची आम्ही तारीफ करतों.

आतां मुख्य मुद्दा, तो वेळेचा. केंद्र सरकारनें २०१९ सालीं देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठीं बिनमोबदल्याचें घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें वेळ जात असल्याचें दिसलें, पुरुषांचा ९७. आणि असें काम मुळांत करणारे पुरुष शंभरांत २६ च निघाले, स्त्रिया ८१. उरलेल्या चौऱ्याहत्तरांपैकीं कितीजण दिवाळींत लेख लिहितात, हें त्या पाहणींत नाहीं. मॅगीच्या शेवया १९८३ सालीं या देशांत आल्या आणि घरोघर शिरल्या, त्या कांहीं चवीच्या जोरावर नव्हे; दिवसभर कचेरींत राबून परतलेल्या बाईला त्यांनीं जी अर्धी घटका सोडवून दिली, ती तिला घरांतील दुसऱ्या कोणी दिली नव्हती.

आयत्या मालाचें वकीलपत्र आम्ही घेतलेलें नाहीं. पुष्कळशा पुडींबंद खाण्यांत मीठ भरमसाट असतें, तेल स्वस्तांतलें असतें; कित्येक तयार पिठांत फुगण्यासाठीं सोडा घालून आंबवण्याचा वेळ वाचवतात, आणि चवींत तें कळतें. पण ‘विकतचें’ या एकाच शिव्येखालीं सर्वच येत नाहीं. गिरगांवांत १५ मार्च १९५९ रोजीं सात बायांनीं ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला, त्यांतून लिज्जत उभें राहिलें. मुंबईंत गिरणीकामगारांना दोन वेळ जेवूं घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया प्रेमाताई पुरव यांच्या खटपटीनें १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळांत एकत्र आल्या, तेव्हां सावकाराच्या दारचें त्यांचें जाणें कमी होऊन बँकेचें कर्ज त्यांना मिळूं लागलें. या सर्व बायकाच, आणि बहुतेक आयाच. त्यांच्या हातांनीं घरांत फुकट लाटलेला पापड अमृत, आणि तोच मोबदला घेऊन लाटला कीं बाजारू, हा भेद कोणत्या जिभेला कळतो? आमच्या जिभेला तो आजवर कळलेला नाहीं. चवींत फरक पडत नसेल, तर मग जें खटकतें तें मोबदला घेणें खटकतें, एवढेंच अनुमान शिल्लक राहतें.

कोणी म्हणेल, आईची आठवण काढणें हाहि गुन्हा झाला काय? मुळींच नाहीं. आठवण काढावी, पण ती काढतांना तिचा एक दिवस तरी पुरता आठवावा. उन्हाळ्यांत पहाटे उठून तिनें गव्हाचा चीक शिजवून गच्चीवर कुरडया घातल्या तेव्हां त्यांवरचे कावळे कोणी हाकले? सगळ्यांचीं जेवणें आटोपल्यावर चकल्यांच्या डब्यांत तिच्यासाठीं काय उरत असे? तिला स्वतःला कोणता पदार्थ आवडत होता? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही अशा लेखांत अद्याप वाचलेलें नाहीं. लेखकाच्या आवडीच्या पदार्थांची यादी मात्र मुखोद्गत असते.

संपादकांस आमची एक सूचना आहे. या विषयावरील लेख स्वीकारतांना त्यासोबत लेखकाकडून भाजणीचें प्रमाण मागवावें, आणि तें त्यानें स्वतः भाजून, दळून, मळून पाहिलेलें असावें अशी अट घालावी. चकल्या तेलांत विरल्या असतील तर तसें लिहावें, मोहन किती घातलें होतें तेंहि लिहावें, म्हणजे पुढच्या अंकांत कोणी तरी जाणती वाचक तें दुरुस्त करून पाठवील.