फाईल घरच्या प्लेअरवर कशी लावावी?

अमरावतीच्या लग्नाची फाईल आम्ही डिस्कवर नुसती उतरवून अकोल्याला आत्याबाईंकडे नेली. त्यात दिवंगत मामाजी भीमगीत गाताना दिसतात. पण जुन्या डीव्हीडी प्लेअरने डिस्क वाचलीच नाही. आत्याबाई हिरमुसल्या.

चूक आमचीच! जुने प्लेअर बहुधा एमपी-४ ओळखत नाहीत. बंधू-भगिनींनो, संगणकावर ‘डीव्हीडीस्टाइलर’सारख्या मोफत प्रोग्रामने फाईल एमपेग-२ मध्ये, पाल पद्धतीत (७२० बाय ५७६) बदलावी आणि ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ म्हणूनच डिस्क लिहावी. ४.७ जीबीच्या डिस्कवर साधारण २ तासांचे चित्रण बसते. शेवटी डिस्क ‘फायनलाइज’ करावी. मूळ फाईल मात्र पुसू नये. डिस्क कालांतराने खराब होते.

दुसऱ्या खेपेस मामाजींचा आवाज घरात घुमला. आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला.