वाटाड्याचे मोल

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट अडविली. त्या प्रसंगाची चित्रफीत सर्वत्र पसरली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि गाइड व जिप्सीचालक यांच्यावर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली. शिस्तभंगाला शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु गाडीतील ज्या माणसाला जंगल सर्वांत अधिक ठाऊक असते, त्याच्याच डोळ्यांदेखत जंगलाचा नियम का मोडला जावा, हा प्रश्न शिक्षेने सुटत नाही. त्याचे उत्तर त्याच्या मिळकतीच्या रचनेत शोधावे लागेल.

ताडोब्याच्या मोहर्ली दरवाजावर किंवा पेंचच्या सिल्लारी दरवाजावर जो गाइड गाडीत बसतो, तो बहुधा शेजारच्याच गावचा असतो. त्याला फेरीमागे ठरावीक रक्कम मिळते. चितळाचा इशारा आणि त्याची नेहमीची साद यांतील भेद ओळखणारा आणि नुसते बोट दाखविणारा, या दोघांचे दाम एकच. पावसाळ्यात गाभाक्षेत्र बंद झाले की तेही आटते. उरते ती पर्यटकाने खुशीने दिलेली बक्षिसी, आणि ही खुशी बहुधा एकाच गोष्टीवर अवलंबून असते : वाघ दिसला की नाही. म्हणजे ठरलेले दाम ज्ञानाला काही देत नाही आणि बक्षिसी केवळ दर्शनाला देते. अशा व्यवस्थेत गाडी दहा हात पुढे घेण्याचा आग्रह मागच्या बाकावरून झाला, तर नकार देण्याची किंमत गाइडला स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. लांबून आलेल्या पर्यटकाने एका रात्रीच्या मुक्कामासाठी जे मोजलेले असते, त्यापुढे ही सारी रक्कम किरकोळ असते, हे वेगळेच.

यात नुकसान केवळ वाघिणीचे नाही. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्याचे नाव ज्या तारू देवावरून पडले, त्याचे ठाणे तळ्याकाठी आहे. वाघाशी झुंजताना पडलेला तारू ही आदिवासींच्या स्मरणातील कथा आहे. मोहाची फुले केव्हा गळतात, तेंदूची पाने केव्हा तोडणीला येतात, कोणत्या नाल्याला उन्हाळ्यात पाणी राहते, हे गावकऱ्याला पुस्तकाविना ठाऊक असते. मारुती चितमपल्ली यांनी मराठी वाचकाला जे अरण्य दाखविले, त्यातील किती तरी त्यांनी नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसांकडून मिळविले होते. तोच जाणता माणूस आज वाघाची जागा सांगणारा खबऱ्या होऊन बसला आहे.

याहून वेगळी वाट शक्य आहे, हे जपानमधील इरिओमोटे बेटावरून दिसते. ओकिनावा प्रांतातील हे उपोष्ण कटिबंधातील बेट जंगलाने व खारफुटीने भरलेले असून वस्ती अवघी अडीच हजारांच्या आसपास आहे. तेथील रानमांजर जगात अन्यत्र नाही. शास्त्रज्ञांना ते १९६५ साली गवसले, पण बेटावरच्या माणसांना ते आधीपासून परिचित होते. पर्यटकाला हे निशाचर मांजर क्वचितच दिसते. तरीही तो स्थानिक वाटाड्याबरोबर खारफुटीतून नाव वल्हवतो, धबधब्यापर्यंत चालत जातो आणि त्या सोबतीचे दाम देतो. वाटाड्याला तेथील नगर प्रशासनाचा परवाना लागतो. २०२१ साली या बेटाचा जागतिक वारशात समावेश झाल्यानंतर येणाऱ्यांच्या संख्येला आवर घालण्याचेही प्रयत्न चालू आहेत. तेथे विकले जाते ते जंगलाचे ज्ञान, मांजराचे दर्शन नव्हे.

वाघ आणि मांजर यांची बरोबरी होऊ शकत नाही, विदर्भात पैसा येतो तो वाघामुळेच, असा आक्षेप यावर घेता येईल. तो खरा आहे. म्हणूनच सुधारणा वाघाला वगळून नव्हे, गाइडचे उत्पन्न वाघापासून सोडवून करावी लागेल. त्यासाठी गाइडांच्या श्रेणी ज्ञानानुसार ठरवाव्यात आणि दामही त्याप्रमाणे द्यावे. परीक्षा मात्र लेखी नसावी, रानात घ्यावी. नाही तर अक्षरशत्रू जाणता गुराखी बाहेर राहील आणि शहरातला पदवीधर आत येईल. बक्षिसी एका पेटीत जमा करून सर्वांत वाटावी. पावसाळ्याचे तीन महिने प्रवेशशुल्कातून किमान वेतनाची हमी द्यावी. आणि नियम मोडण्याचा आग्रह धरणाऱ्या पर्यटकाला गाडी परत फिरविण्याचा अधिकार गाइडला असावा. त्या दिवसाचे त्याचे दाम बुडू नये.

मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. वाघाच्या शेजाराचा धोका ज्या गावांनी पत्करायचा, त्यांच्या वाट्याला त्याच वाघापासून मिळणारा पैसा बक्षिसी म्हणून येऊ नये. तो हक्काचे वेतन म्हणून आला, तरच वाघ वाचावा असे गावालाही वाटेल.